सापालाही हवा का खुराक?

कोल्हापुरात कुणाचंही अंग धरत नसलं की त्यावर उपाय एकच, खुराक! तालमीतला पैलवान असेल तर बदाम, थंडाई, तूप. जिममध्ये घाम गाळणारा असेल तर प्रोटीन शेक. आणि यातलं काहीच नसाल, तर संध्याकाळी गंगावेशीत जायचं आणि डोळ्यांसमोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासभर रिचवायचं. नाद खुळा!

त्यामुळे आमच्या एका सॉफ्टवेअरवाल्या दोस्ताचा साप वाढेना, तेव्हा त्यानं काय केलं असेल हे सांगायला नको. साप म्हणजे बॉल पायथन. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी आणि इतका लाजाळू, की घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो. दोस्त दर रविवारी त्याला किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवायचा. आकडा काही केल्या हलेना. डिसेंबर उजाडला आणि साहेबांनी खाणंच सोडलं.

पाहता पाहता टेबलावर बाटल्यांची रांग लागली. कॅल्शियमची पावडर, मल्टिव्हिटॅमिनचे थेंब, शिवाय कुठूनसं मागवलेलं 'ग्रोथ टॉनिक'. हे सगळं बघून आजींनी चष्म्यावरून एक नजर टाकली आणि फर्मान सोडलं, "आरं लेका, एवढं पैसं कशाला घालवतोस? वाटीभर दूध ठेव की त्येच्यापुढं!"

नातवाची बाटली खरी की आजीची वाटी? उत्तर ऐकून दोघंही नाराज होतील. दोन्हीची गरज नाही!

उंदीर म्हणजे फुल थाळी

आपण चिकन खातो तेव्हा हाडं बाजूला काढतो, आतडी टाकून देतो. कलेजी आवडणारे वेगळे. साप असले नखरे करत नाही. तो उंदीर गिळतो तो शेपटीसकट. म्हणजे हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस, यकृतातून 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व, रक्तातून लोह, स्नायूंमधून प्रथिनं. अख्खी थाळी एका घासात! वरून पावडर भुरभुरायला जागाच उरत नाही.

हे पचवणारी यंत्रणाही भन्नाट आहे. पोटातलं आम्ल इतकं तीव्र होतं, की हाडंसुद्धा विरघळतात. बर्मीज अजगरावरच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असं दिसलं, की जेवणानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. जेवण पचलं की हृदय पुन्हा पूर्वीएवढं! असं शरीर लाभलेल्या प्राण्याला टॉनिक पाजायला निघालेल्या आपल्याला काय म्हणावं?

आपल्या उसाच्या फडातली धामणच बघा ना. सहा-सात फुटांपर्यंत सहज वाढते. तिला कुणी मल्टिव्हिटॅमिन दिलंय?

मग त्या बाटल्या कुणासाठी?

बाटल्या खोट्या नाहीत, पत्ता चुकलाय. कॅल्शियमची पावडर खरी लागते ती किडे खाणाऱ्या पाळीव सरड्यांना आणि गेकोंना. रातकिड्यांत कॅल्शियम फारच कमी. नुसते किडे खाऊन सरड्यांची हाडं मऊ पडतात, वाकतात. म्हणून किड्यांना पावडर लावून देतात. दुकानात मात्र शेल्फ एकच, पाटी एकच, 'रेप्टाइल'. साप घेणारा तीच बाटली उचलतो.

नुसते पैसे वाया गेले असते तर ठीक होतं. पण 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वं चरबीत साठतात, जास्त झाली म्हणून सहज बाहेर पडत नाहीत. 'ड' चा अतिरेक झाला तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. म्हणजे वाढीसाठी दिलेलं औषधच साप आतून पोखरतं.

अपवाद आहेत, पण मोजके. काही जातींच्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करतं. परदेशात पाळल्या जाणाऱ्या गार्टर स्नेकला सतत असे फ्रोझन मासे दिले, तर 'ब-१' वेगळं द्यावं लागतं. दुसरा अपवाद म्हणजे बाजारातलं बोनलेस चिकन! हाडं नाहीत म्हणजे कॅल्शियम नाही. पण त्यावर उपाय पावडर नव्हे, अख्खं भक्ष्य. आणि तिसरा अपवाद आजारी साप. त्याला काय द्यायचं ते सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही.

खरं सप्लिमेंट कुठं असतं सांगू? उंदराच्या ताटात! उंदीर धडधाकट, नीट खाऊन वाढलेला असेल तर सापाला सगळं मिळतं. मरतुकडा उंदीर दिलात तर तीच उणीव सापात उतरते.

आणि आजींची वाटी?

दूध हे सस्तन प्राण्यांचं अन्न. ते पचवायची सोय सापाच्या पोटात नाही. मग नागपंचमीला टोपलीतला नाग दूध प्यायचा तो कसा? तहानेनं! गारुडी त्याला कित्येक दिवस उपाशी, तहानलेला ठेवायचे, दात काढायचे, काही वेळा तोंडही शिवायचे. असा जीव पुढं आलेलं कोणतंही पातळ पदार्थ पिणार. तेच दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि मग त्याचं पुढं काय व्हायचं, ते पूजा करणाऱ्याला कधी कळायचंच नाही.

इथून जवळच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक व्हायची. वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली. २०२५ मध्ये केंद्रानं २१ नाग पकडायची परवानगी दिली, तीही मोजक्या दिवसांपुरती आणि शिक्षणाच्या कारणासाठी. आणि आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, बाबूराव टक्केकर यांनी शाळेतच सर्पशाळा उभी केली. तिथं नागपंचमी म्हणजे साप समजून घ्यायचा दिवस. खेड्यातल्या पोरांना जे शाळेत कळलं, ते आपण शहरातल्यांनी बाटल्या विकत घेऊन विसरावं?

मग हा वाढत का नव्हता?

शेवटी दोस्त सापाला घेऊन डॉक्टरांकडे गेला. सोबत सगळ्या बाटल्या. डॉक्टरांनी बाटल्यांकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, "पेटीत टेंपरेचर किती आहे?"

दोस्त गप्प. थर्मामीटर नव्हताच!

साप स्वतःची उष्णता स्वतः तयार करत नाही. बॉल पायथनला पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५-२६ अंशांच्या आसपास लागते. कोल्हापुरात डिसेंबरच्या रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो. गारठलेल्या सापाला भूक लागत नाही, आणि खाल्लंच तर पचत नाही. पोटातला उंदीर कुजतो, साप तो ओकून टाकतो. वर कितीही टॉनिक ओता, भट्टीच विझलेली असेल तर भाकरी भाजणार कशी?

हीटिंग पॅड आला, त्याला थर्मोस्टॅट लागला, अंग लपवायला एक छोटी गुहा आली, बाटल्या गेल्या. काही आठवड्यांनी सायबांनी पहिला उंदीर गट्टम केला. काट्यावरचा आकडा हळूहळू हलतोय. हळूहळूच हलायला हवा! लवकर मोठा व्हावा म्हणून दर दोन-तीन दिवसांनी खायला घालणारे शौकीन आहेत. त्यांचे साप लांब होतात खरे, पण यकृतात चरबी साठते आणि आयुष्य घटतं. नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो. घाई कसली?

आजी अजूनही म्हणतात, "दूध दिलं असतंस तर कवाच मोठा झाला असता." आता दोस्त हसून वाटीत साधं पाणी भरतो. साप ते पितो. आजी खूश!

घरी साप आणायचा विचार आहे?

• नाग, धामण, अजगर असे देशी साप पाळायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. घरात शिरलेला साप दिसला तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा.

• बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. कागद नसलेला साप 'स्वस्तात' मिळतोय? सरळ नाही म्हणा.

• भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी. पिल्लाला साधारण आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी.

• जिवंत उंदीर सापाला चावू शकतो. फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्या. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको.

• खाणं सुटलं तर आधी थर्मामीटर बघा, मग वजन. वजन टिकून असेल तर मोठा साप काही आठवडे न खाताही मजेत राहतो. वजन उतरत असेल तर डॉक्टर गाठा.

• पाण्याची वाटी रोज स्वच्छ. दुधाची वाटी? ती तुम्ही प्या!