विमान खरे की लढाई खरी?

२०११ साली ‘आयएल-२ स्टर्मोविक : क्लिफ्स ऑफ डोव्हर’ हा लढाऊ विमाने उडवण्याचा कॉम्प्युटर सिम्युलेटर बाजारात आला. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई लढाईतली स्पिटफायर, हरिकेन, मेसरश्मिट ही विमाने त्यात विलक्षण बारकाईने घडवली होती. पण शहरावरून कमी उंचीवर उडताना किंवा आकाशात विमानांची गर्दी झाली की अनेकांच्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळू लागे, आणि समीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. दोष एकट्या विमानांच्या मॉडेलांचा नव्हता; खालची घरे, झाडे आणि अर्धवट राहिलेला प्रोग्रॅमही त्याला कारण होता. तरी त्यातून एक प्रश्न उभा राहिला: लढाऊ सिम्युलेटरमध्ये विमानावर कॉम्प्युटरची किती ताकद खर्च करावी? माझे उत्तर असे की न अडखळणारे चित्र आणि आकाशातली विमानांची खरी गर्दी हीदेखील वास्तवताच आहे. विमानाच्या बारकाव्यासाठी या दोन्हींचा बळी देणारा सिम्युलेटर विमान खरे दाखवतो आणि लढाई खोटी.

हिशेब समजून घेऊ. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ९० चित्रांच्या व्हीआर हेडसेटमध्ये जेमतेम ११.१, आणि तेही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी चित्रे काढून. तेवढ्यात प्रोसेसरला प्रत्येक विमानाच्या पंखांवरचा हवेचा दाब, गोळ्यांचा मार्ग, शत्रूच्या वैमानिकाचे डावपेच हे सगळे मोजायचे असते आणि ग्राफिक्स कार्डला हजारो त्रिकोणांनी बनलेली विमाने रंगवायची असतात. विमानावर चढवायचे ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक रंगचित्र कॉम्प्रेस न करता ठेवले तर ६४ मेगाबाइट मेमरी खाते. बाजू निम्मी केली की जागा चौथाईवर येते. शिवाय रंग, चकाकी आणि पत्र्याचे उंचसखलपण यांची चित्रे वेगवेगळी असतात, आणि प्रत्येक विमानाला स्वतःचे स्क्वाड्रनचिन्ह दिले की तीच चित्रे सर्वांना वाटून वापरता येत नाहीत. एका विमानाला परवडणारी चैन तीस विमानांच्या झुंजीत म्हणूनच अंगाशी येते. नेम धरण्याच्या क्षणी चित्र अडखळले तर चूक वैमानिकाची की कॉम्प्युटरची, हेच कळत नाही.

आता डोळ्याला काय दिसते ते पाहू. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा सुमारे ११.२ मीटर. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ६० अंशांचे दृश्य असेल तर एक किलोमीटरवरचे हे विमान जेमतेम १९ पिक्सेल रुंद दिसते आणि पाच किलोमीटरवरचे चार. तिथे रिव्हेट कोरण्यात काय अर्थ? अंतराप्रमाणे साधी होत जाणारी मॉडेले वापरण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क यांनी १९७६ सालीच मांडली होती. १९९८ च्या ‘फाल्कन ४.०’ या सिम्युलेटरने तर हे तत्त्व चित्रांपलीकडे नेले: खेळाडूभोवतीच्या ठरावीक परिघातले युद्ध बारकाईने चाले, बाहेरचे ढोबळ हिशेबाने. त्यामुळेच त्या काळच्या कॉम्प्युटरवर कोरियातली अख्खी मोहीम मावू शकली.

यावर पहिला आक्षेप असा की कॉम्प्युटर दरवर्षी वेगवान होतात, मग काटकसर कशाला? पण ग्राफिक्स कार्ड बदलून प्रोसेसरवरचा भार हलका होत नाही. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये बरीच वर्षे बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडत होते; ते अनेक कोअरमध्ये वाटण्याची सोय २०२३ साली आली. ज्याला हवे त्याने सेटिंग कमी करावे, हा दुसरा युक्तिवाद. मात्र मुळात साधी मॉडेले तयारच केली नसतील तर सेटिंग कमी करून फारसे हाती लागत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हवाई झुंजीत ज्याला शत्रू आधी दिसतो त्याचे पारडे जड असते. दूरचे विमान ओबडधोबड केले तर लढाईचा निकालच बदलेल. हे खरेच आहे. म्हणून दूरच्या मॉडेलमधून रिव्हेट आणि चाकांची पोकळी जावी. पण बाह्यरेषा, पंखांचे प्रमाण आणि उजेडातला ठसठशीतपणा जाता कामा नये. दूरचे मॉडेल साधे करणे हेही कसबाचेच काम आहे, ते शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाही.

कॉकपिटचा न्याय मात्र वेगळा. खेळाडूची नजर उड्डाणभर तिथेच असते, तिथले काटे आणि खटके वाचता येणे हा उडवण्याचाच भाग आहे, आणि कितीही विमाने उडत असली तरी कॉकपिट एकच काढावे लागते. तिथे बारकाव्यात हात आखडता घेण्याचे कारण नाही. म्हणून नवा सिम्युलेटर घेताना धावपट्टीवर उभ्या एकट्या विमानाच्या छायाचित्रावर भाळू नका. वीस-तीस विमानांच्या झुंजीत तो आपल्यासारख्या कॉम्प्युटरवर कसा चालतो, ते आधी पाहा.