तारीख बदलली, फोटो तोच

जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन केले की पहिला घोळ तारखांचा होतो. १९६२ सालच्या लग्नातले आजी-आजोबा फोनच्या गॅलरीत गेल्या आठवड्यातल्या सहलीशेजारी जाऊन बसतात, कारण त्या फाइलला फक्त स्कॅनिंगचा दिवस ठाऊक असतो. तारीख दुरुस्त करायला बसावं, तर घरातलं कोणीतरी हटकून अडवतं: ‘फाइलला हात लावू नकोस, जेपेग सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो.’

हे वाक्य खोटं नाही. फक्त ते या कामाला लागू पडत नाही.

जेपेग तयार होताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे गाळले जातात. गाळलेलं परत मिळत नाही. चित्र उलगडून, बदलून पुन्हा दाबलं की आणखी काही गळतं. मेटाडेटा मात्र या चौकोनांत नसतोच. तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, जीपीएसचे आकडे, छायाचित्रकाराचं नाव ही माहिती फाइलच्या सुरुवातीला वेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असते. असा एक कप्पा फार तर ६४ किलोबाइटचा. मसाल्याच्या डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या मसाल्याचा वास उडत नाही, तसंच हे.

फिल हार्वे यांचं ‘एक्झिफटूल’ २००३पासून नेमकं एवढंच करत आलं आहे: कप्पे नव्याने लिहायचे, दाबलेलं चित्र जसंच्या तसं पुढे उतरवायचं. वर मूळ फाइलची एक प्रतही ते आपणहून बाजूला ठेवतं. आयफोनच्या एचईआयसी फाइलींनाही ते चालतं, त्यामुळे निव्वळ तारीख बदलायची म्हणून त्यांचा आधी जेपेग करायची काही गरज नाही. तसा जेपेग करण्यातच खरं नुकसान आहे.

गडबड होते ती फोटो एडिटरमध्ये. असं अ‍ॅप फोटो उघडताना चित्र उलगडतं आणि सेव्ह करताना पुन्हा दाबतं. बदल एका शब्दाचा असला तरी. ६ एमबीची फाइल तारीख बदलल्यावर २ एमबीची झाली, तर चित्र पुन्हा दाबलं गेल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. याला एक अपवाद आहे. काही फोनवरच्या ‘मोशन फोटो’त जेपेगच्या शेपटीला छोटा व्हिडिओ जोडलेला असतो, तो गळाला तरी फाइल बरीच हलकी होते आणि फोटो मात्र शाबूत राहतो.

डिसेंबर २०१२मध्ये ‘व्हाइस’ मासिकाने जॉन मॅकॅफी यांचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि त्यातल्या जीपीएसच्या आकड्यांवरून, पोलिसांना चुकवत फिरणारे मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. असे किस्से ऐकून काही जण सगळाच मेटाडेटा पुसून टाकतात. मग उभा फोटो आडवा पडतो, रंग फिकट वाटतात आणि ‘बघा, दर्जा गेला!’ अशी ओरड होते. एकही पिक्सेल बदललेला नसतो. फोटो कोणत्या बाजूने उभा धरायचा ही नोंद मेटाडेटात असते, रंग कसे वाचायचे हे सांगणारी कलर प्रोफाइलही फाइलमध्ये चित्राबाहेरच असते, आणि झाडून साफ करताना दोन्ही गेलेली असतात. जीपीएस नको असेल तर जीपीएसच काढावं.

दिवाळी अंकाला फोटो पाठवणाऱ्यांना ‘३०० डीपीआयचा द्या’ हा निरोप ओळखीचा असेल. डीपीआय हीसुद्धा फाइलमधली एक नोंदच. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोवर ७२ लिहिलं काय नि ३०० लिहिलं काय, पिक्सेल तेवढेच राहतात आणि ३००च्या हिशोबाने तो साधारण १३ बाय १० इंच छापता येतो. उलट ६०० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर ३०० लिहून पाठवला तरी छपाईला तो २ इंचांचाच. संपादकांनी डीपीआयऐवजी पिक्सेल विचारले तर दोन्हीकडचा त्रास वाचेल.

गुगल फोटोजमध्ये तारीख बदलली की मूळ फाइलमध्येही बदलते, असं अनेकांना वाटतं. ती फाइलमध्ये उतरत नाही. गुगल टेकआउटमधून सगळं परत मागवलं, की दुरुस्त तारीख सोबतच्या वेगळ्या जेसॉन फाइलमध्ये येते. व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा आणखी निराळी: फोटो म्हणून पाठवला तर चित्र पुन्हा दाबलं जातं आणि मेटाडेटाही जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते, अर्थात जीपीएससकट.

दर्जाला धक्का लागत नाही याचा अर्थ फाइल तीच राहते असा मात्र नाही. तारखेतला एक आकडा बदलला तरी संपूर्ण फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. त्यामुळे अपघाताचा किंवा जागेच्या वादातला फोटो कोर्टात जाण्याची शक्यता असेल, तर मूळ फाइल अजिबात न छेडता ठेवावी आणि तारीख-नावांची दुरुस्ती प्रतीवर करावी.