जुन्या व्हिडिओ खेळांचा संग्रह : निवड कशी करावी?

संग्रह करण्याची हौस मनुष्याच्या अंगी उपजतच असते. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी, तर कोणी ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या. या परंपरेत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे व्हिडिओ खेळांची जुनी यंत्रे आणि त्यांच्या कॅसेटी. एखादे यंत्र हाती येते, त्याबरोबर दोन-चार कॅसेटी येतात, आणि मग संग्रह वाढविण्याची इच्छा होते. परंतु इच्छा होणे निराळे आणि विवेकाने निवड करणे निराळे. हजारो खेळांतून कोणते घ्यावेत व कोणते सोडावेत, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचा विचार एका प्रसिद्ध यंत्राच्या आधारे करणे सोयीचे होईल.

जपानमधील निंटेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. लोक त्याला संक्षेपाने ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख रचनाकार असून त्याची किंमत १४,८०० येन होती. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी अवघे तीन खेळ उपलब्ध होते. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये हेच यंत्र निराळ्या पेटीत, ‘निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने न्यूयॉर्क शहरात विक्रीस आले. सर्व जगात मिळून त्याचे सहा कोटींहून अधिक नग खपले. जपानमध्ये त्याच्यासाठी एक हजाराहून अधिक आणि अमेरिकेत सुमारे सातशे खेळ निघाले. श्रोत्यांपैकी अनेकांना हे यंत्र दुसऱ्याच रूपात ठाऊक असेल. १९९० नंतरच्या दशकात भारतातील शहरोशहरी जे स्वस्त ‘टीव्ही गेम’ मिळत, त्यांपैकी बहुतेक या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. ‘९९९९ इन १’ असे छापलेली, पण प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुनःपुन्हा दाखविणारी पिवळी वा काळी कॅसेट पुष्कळ घरांनी पाहिलेली आहे.

त्या कॅसेटीतच निवडीचा पहिला धडा दडलेला आहे. मोठी संख्या म्हणजे मोठा संग्रह नव्हे. व्हिडिओ खेळांच्या व्यवसायाने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १९८२ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या चित्रपटावरील खेळ सुमारे पाच आठवड्यांत घाईने तयार करवून घेतला. दुकाने अशाच सुमार मालाने भरली, ग्राहकांचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये तो सारा धंदा कोसळला. अटारीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या भूमीत पुरला. २०१४ मध्ये उत्खनन झाले तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच बाहेर निघाल्या. पैसा आहे म्हणून दिसेल ती कॅसेट घेणारा संग्राहक आपल्या कपाटात असेच एक छोटे अलामोगोर्डो तयार करीत असतो.

म्हणून निवडीपूर्वी संग्राहकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा संग्रह कशासाठी? खेळण्यासाठी, या कलेचा इतिहास जतन करण्यासाठी, की बालपणीची आठवण पुन्हा हाती यावी म्हणून? तिन्ही हेतू योग्यच आहेत. मात्र त्यांची निवड एक नाही. आठवणीसाठी संग्रह करणाऱ्याला दहा कॅसेटी पुरतात. इतिहासासाठी करणाऱ्याला कित्येकदा कंटाळवाणा खेळही ठेवावा लागतो, कारण तो आपल्या प्रकारातला पहिला असतो. खेळण्यासाठी करणाऱ्याने मात्र आपल्याला न रुचणारा खेळ, त्याची कितीही कीर्ती असो, घेऊ नये.

दुसरी गोष्ट यंत्राची. कोणती कॅसेट कोणत्या यंत्रात चालते हे न पाहता खरेदी करणारे पुष्कळ फसतात. जपानी कॅसेटीला ६० संपर्क-पट्ट्या असतात, अमेरिकन कॅसेटीला ७२. एकीची दुसऱ्या यंत्रात योजना करावयाची तर मध्ये जोडणी-पट्टी लागते. भारतातील जुन्या नकली यंत्रांत बहुधा ६० पट्ट्यांचीच खाच असे, म्हणून त्यांच्या मालकांना जपानी कॅसेटी सोयीच्या. युरोपसाठी काढलेल्या कॅसेटींची अडचण निराळी आहे. तेथील दूरचित्रवाणी संचावर दर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटे, तर जपान-अमेरिकेत ६० वेळा. त्यामुळे अनेक खेळ युरोपात सहाव्या हिश्शाने संथ चालत आणि त्यांचे संगीतही रेंगाळे. विजेच्या बाबतीत तर चुकीला क्षमाच नाही. जपानी यंत्राला १०० व्होल्टच्या विजेवर चालणारा अडॅप्टर असतो. तो आपल्याकडील २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळालाच. अमेरिकन अडॅप्टर प्रत्यावर्ती प्रवाह देतो आणि जपानी यंत्राला एकदिश प्रवाह लागतो; दोहोंची अदलाबदल केली तर चाळीस वर्षे टिकलेले यंत्र एका क्षणात निकामी होऊ शकते.

यंत्र ठाऊक झाले की खेळांकडे वळावे. येथे एक युक्ती फार उपयोगी पडते. एकाच यंत्राच्या आयुष्यातील आरंभीचा, मधला आणि अखेरचा असे खेळ शेजारी शेजारी ठेवावेत. १९८५ मधला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा जागेत शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बत्तीस टप्प्यांचे एक जग उभे केले. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच असून केवळ रंग बदललेला आहे. काटकसरीचा हा नमुना एकदा ध्यानात आला की खेळ दुप्पट आवडू लागतो. मूळ यंत्राची मर्यादा जवळजवळ एवढीच होती. पुढे कॅसेटीतच अधिक स्मृती आणि तिचे नियंत्रण करणारी जादा चकती बसवू लागले. त्यामुळे १९८८ मधला ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ३८४ किलोबाइटपर्यंत आणि १९९३ मधला ‘कर्बीज ॲडव्हेंचर’ ७६८ किलोबाइटपर्यंत गेला. यंत्र तेच, पण कारागिरी आठ वर्षांत कोठून कोठे पोहोचली, हे या तीन कॅसेटी कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट सांगतात.

खेळांच्या प्रकारांतही समतोल असावा. केवळ उड्या मारण्याचे किंवा केवळ गोळीबाराचे खेळ जमविले तर चार दिवसांत वीट येतो. उडी व धाव यांसाठी ‘मारिओ’, भटकंती आणि शोध यांसाठी ‘झेल्डा’ वा ‘मेट्रॉइड’, दोघांनी खांद्याला खांदा लावून लढण्यासाठी ‘काँट्रा’, आणि बुद्धीसाठी ‘टेट्रिस’ एवढ्यांवर पाया भक्कम होतो. ‘टेट्रिस’ हा अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्को येथे १९८४ मध्ये रचला. अमेरिकेत या यंत्रासाठी त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी टेंजेन कंपनीची आवृत्ती १९८९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बाजारातून मागे घ्यावी लागली. दोघांनी एकाच वेळी खेळण्याची सोय मात्र तिच्यातच होती. निंटेंडोच्या आवृत्तीला शेवट नाही असेच लोक मानीत. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने यंत्र थिजून जाईपर्यंत ती खेळून दाखविली. चौतीस वर्षांची जुनी कॅसेट आणि तेरा वर्षांचा खेळाडू! चांगल्या खेळाला वय नसते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

‘डक हंट’ या बंदुकीच्या खेळाविषयी मात्र सावध असावे. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो प्रकाश बंदुकीतील संवेदकाला दिसला तर नेम लागला असे यंत्र समजते. ही सारी योजना जुन्या, काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचाच्या वेगाशी बांधलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून बदक कधीच पडत नाही. घरात जुना संच नसेल तर ही कॅसेट शोभेपुरतीच.

भाषेचा विचारही अवश्य करावा. ‘टेट्रिस’ला भाषा लागत नाही, पण ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या कथाप्रधान खेळाची जपानी कॅसेट जपानी न जाणणाऱ्याला मुकीच. त्याची इंग्रजी आवृत्ती १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने निघाली. उलट, कित्येकदा जपानी आवृत्तीच सरस ठरते. ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतील तिसऱ्या खेळाच्या जपानी कॅसेटीत संगीतासाठी स्वतंत्र चकती आहे. तिच्यामुळे सुरांचे तीन जादा मार्ग मिळतात. अमेरिकन यंत्रात तशी सोय नसल्याने तेथील आवृत्तीला ते मिळाले नाहीत. कान असणाऱ्याने दोन्ही ऐकून मग निवडावे.

आता दुर्मिळतेचा मोह. १९९० च्या निंटेंडो स्पर्धेसाठी केवळ ११६ विशेष कॅसेटी तयार झाल्या, त्यांपैकी २६ सोनेरी होत्या. अशा वस्तूंचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असतात. २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची वेष्टनही न उघडलेली एक प्रत वीस लाख डॉलरला विकली गेली. परंतु त्या प्रतीचे भाग्य असे की ती कोणी कधीच खेळणार नाही. खेळली तर मोल संपले! तोच खेळ वापरलेल्या साध्या कॅसेटीत अगदी तितकाच आनंद देतो. शिवाय जेथे भाव चढतो तेथे नक्कल येतेच. छापील चिठ्ठीचा रंग फिका वा अक्षरे पुसट आहेत काय, वजन संशयास्पद हलके आहे काय, हे पाहावे. शक्य असेल तर कॅसेट उघडून आतील पट्टीवर निर्मात्याचे नाव छापलेले आहे याची खात्री करावी. विकणारा उघडू देत नसेल तर मोठी रक्कम देऊ नये.

कॅसेट घरी आली की तिची निगा. खेळ चालेना म्हणून कॅसेटीत फुंकर मारण्याची सवय आपल्याकडे घरोघरी होती. ती चुकीची आहे. फुंकरीतील ओलाव्याने संपर्क-पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून पट्ट्या हलक्या हाताने पुसणे हाच खरा उपाय. गोवा आणि कोकणपट्टीसारख्या दमट हवेत पावसाळ्यापूर्वी कॅसेटी झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

शेवटची बाब सर्वांत नाजूक आहे. ‘मेट्रॉइड’मध्ये खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी चोवीस अक्षरांचा संकेत कागदावर लिहून ठेवावा लागे. १९८७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘झेल्डा’च्या सोनेरी कॅसेटीत मात्र नाण्याएवढी बॅटरी होती. खेळणारा आपले नाव नोंदवी आणि त्याची प्रगती त्या बॅटरीच्या बळावर जिवंत राही. आज ती कॅसेट जुन्या बाजारातून घेणाऱ्याला पडद्यावर कधी कधी एखाद्या अनोळखी मुलाचे नाव दिसते. त्या मुलाचे आता केस पिकू लागले असतील. बॅटरी केव्हातरी संपणारच, आणि ती साध्या पद्धतीने बदलली तर नाव पुसले जाते. आधी योग्य उपकरणाने आतील नोंद संगणकावर उतरवून घेतली तर मात्र ती वाचविता येते. स्वतःच्या घरातील जुन्या कॅसेटीत भावाचे, बहिणीचे वा आज हयात नसलेल्या कोणाचे नाव असू शकेल. म्हणून नवे काही विकत घेण्यापूर्वी, जे घरात आहे ते पाहून घ्यावे.

२०२३ मध्ये अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेच्या पाहणीत असे आढळले की, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत. पुस्तकासाठी ग्रंथालये आहेत; या खेळांना अजून तितका भरवशाचा आसरा नाही. अशा स्थितीत विवेकाने जमविलेला, निगा राखलेला आणि शेजारच्या मुलांना हाती धरू दिलेला दहा-वीस कॅसेटींचा संग्रह हा केवळ छंद राहत नाही. तो एका तरुण कलेचा जतन केलेला ठेवा होतो, आणि ठेव्याचे मोल तो कपाटात किती दिवस बंद होता यावरून नव्हे, तर त्याने किती जणांना आनंद दिला यावरूनच ठरावयाचे असते.