नऊ महिन्यांचा गुडघा

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ, आणि गुडघा खाली गादीकडे दाबायचा. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. बघणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही. पण पलूस तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरात, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात, एवढं करताना सुनेच्या कपाळावर घाम डवरला होता. मांडी ऐकतच नव्हती. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमच अडतो. माणूस जीव तोडून जोर लावतो आणि स्नायू नुसता पडून राहतो. फिजिओ मॅडमनी तिचाच हात तिच्या मांडीवर ठेवला. "इथं कडक लागलं पाहिजे, ताई." तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, चटणीचा डबा कुठं ठेवलाय म्हणून. तिनं तिथूनच सांगितलं आणि पुन्हा दाबायला लागली.

लिगामेंट तुटलं की आधी मैदान आठवतं. कुंडलच्या कुस्त्या ज्या भागात गाजतात, तिथं तर पैलवानाचा गुडघा गेला की गावभर चर्चा होते. हिचा गुडघा गेला तो मार्चमध्ये, माल तोडणीच्या धांदलीत. पोरांना शाळेतून आणताना स्कूटी घसरली, सावरायला पाय टेकवला, पाय तिथंच राहिला आणि अंग फिरलं. आतून कट्ट आवाज झाला. घरात सगळे मुरगळलंय म्हणाले, तेल चोळलं, पट्टा बांधला. पंधरवड्यात सूज उतरली आणि ती कामाला लागली. मग जिना उतरताना, गोठ्यात वळताना गुडघा निसटायला लागला. एमआरआय झाला तेव्हा कळलं, पुढचं क्रूसिएट लिगामेंट पूर्ण तुटलंय.

जूनमध्ये मिरजेला शस्त्रक्रिया झाली. पलूसकरांना किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं मिरज जवळ, आणि १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून या मुलखाची दुखणी मिरजेच्याच वाटेनं जातात. दुर्बिणीतून तिच्याच मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढून, दुमडून, हाडांत भोकं पाडून बसवल्या. हे काम दोन तासांच्या आतलं. डॉक्टरांनी पुढचा आकडा सांगितला तेव्हा घर गप्प झालं: नऊ महिने.

"नऊ महिने?" नवऱ्यानं परत विचारलं. "सांगलीची स्मृती मानधना पाच महिन्यांत उतरली की मैदानात."

खरं आहे ते. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना स्मृतीचं हेच लिगामेंट तुटलं होतं, आणि २४ जूनला डर्बीत, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, तिनं इंग्लंडविरुद्ध ९० धावा ठोकल्या. पुढच्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. ती जिद्द थोर आहेच. पण ते पाच महिने बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत निव्वळ गुडघ्यासाठी होते. तिथं सकाळी सहाला गाईची धार काढायची नव्हती आणि गड्यांचा चहाही टाकायचा नव्हता.

नऊ महिने हा आकडा घाबरवण्यासाठी काढलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात १०६ रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. वळणं-उड्यांच्या खेळाकडे परतणं जितकं पुढं ढकललं, तितकं पुन्हा दुखापतीचं प्रमाण घटत गेलं: दर महिन्यामागं ५१ टक्के, नवव्या महिन्यापर्यंत. तो अभ्यास खेळाडूंचा. शेणामुताच्या ओल्या फरशीवर पायाची फिरकी बसते, तिची नोंद अशा अभ्यासात नसते.

सगळ्यात धोक्याचा काळ आला तो दीड महिन्यानंतर. दुखणं संपलं, कुबड्या गेल्या, गुडघा १२० अंशांपर्यंत वाकायला लागला. बाहेरून सगळं बरं. आत मात्र बसवलेली कंडरा याच सुमारास सगळ्यात नाजूक असते. तिच्यात नवा रक्तपुरवठा रुजत असतो. पण चालती-फिरती बाई घरात दिसली की घर तिला कामं सांगतं. मुद्दाम नाही, सवयीनं. गौरी-गणपतीच्या आधी जाऊबाईंनी पितळी भांडी काढली, ती खाली बसून घासायला निघाली, आणि फिजिओ मॅडम नेमक्या त्या वेळी आल्या.

त्यांनी सासूबाईंनाच बोलावलं. "आत्या, डॉगरिजच्या खुंटावर कलम भरल्यावर पहिल्या वर्षी घड घेता का?"

"कोण घेतंय? वेल बसंल की."

"मग आत पण कलमच भरलंय."

त्या दिवसापासून भांडी जाऊबाई घासायला लागल्या, दूध डेअरीला सासऱ्यांनी नेलं. भाकरी तिनं ओट्याशी उभ्यानं थापली. चुलीपुढचा पाट उचलून ठेवला. नवऱ्यानं पोरांचे डबे भरायला सुरुवात केली, तीही चार आठवडे कुरकुरून. इतकं सगळं दुसऱ्यांनी उचललं तेव्हा ती किती करत होती हे घराला पहिल्यांदा मोजता आलं. गोळ्यांच्या बरोबरीनं हे कामवाटप डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवं, नवऱ्याच्या नावानं.

ऑक्टोबरला फळछाटणी झाली. ती बांधावरून बघत होती. व्यायाम आता दुपारी चारला, दार उघडं ठेवून, आधीसारखा सगळे झोपल्यावर नाही. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, पायरी चढायची, एका पायावर तोल धरायचा. डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा अजून कमीच आहे. खाली मांडी घालून पंगतीला बसायची परवानगी नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीत तिनं विचारलं, "मार्चला नऊ महिने हुत्यात. माल तोडायला जाऊ न्हवं?"

"एका पायावर उडी मारून दाखवायची आधी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के भरली, तर जायचं. सपाट रानात, उभ्यानं, कात्री हातात. क्रेट दुसऱ्यानं उचलायचं."

"आन् स्कूटी?"

"स्कूटी चालवा. पोरांना शाळेतून आणायला मात्र हे जातील," मॅडम नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, आणि फाईलवर पुढची तारीख घातली.