लक्षद्वीपला जायचंय? आधी तिथल्या विहिरीचं गणित समजून घ्या

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले आणि मित्रांच्या ग्रुपवर 'यंदा गोवा नको, लक्षद्वीप' सुरू झालं. पण नगरहून बॅग भरून थेट निघता येत नाही. भारतीय असलात तरी परवाना लागतो.

असं का?

नियम १९६७ चा आहे. इथले बहुतांश मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत येतात. त्यांच्या संरक्षणासाठी बाहेरच्यांच्या येण्यावर आणि राहण्यावर बंधनं आली. पण हा नियम नसता, तरी गर्दीला मर्यादा पडलीच असती. कारण पाणी.

लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून क्षेत्रफळ फक्त ३२ चौरस किलोमीटर. आपला जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरचा. त्यातल्या १० बेटांवर वस्ती, लोकसंख्या सुमारे ६४ हजार. नदी एकही नाही.

मग लोक पितात काय?

पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. विहिरीला लागतो तो हाच पातळ थर. मोटर लावून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर मचूळ होते. म्हणूनच २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. क्षमता रोज १ लाख लिटर. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले.

बोअर आटलेली पाहिलेल्या नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याच हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली. पाऊस किती झाला ते मोजून तिथं पिकं ठरतात. बेटावरही हिशेब तोच, फक्त तिथं टँकर मागवायला शेजारचं गाव नाही.

जायचं कसं?

आधी परवाना काढा, मग तिकीट. पुणे किंवा मुंबईहून कोची गाठा. तिथून अगत्तीला विमान किंवा बेटांकडे जाणारं जहाज मिळतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल बरा.

तिथं गेल्यावर पाणी जपून वापरा, प्लास्टिक परत आणा. आणि आठवण म्हणून प्रवाळ उचलू नका, वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.