स्की भाड्याची, बूट आपले

स्कीची जोडी साधारण १५० ते १८० सेंटिमीटर लांब असते. रेल्वेच्या नियमाप्रमाणे प्रवासी डब्यात नेता येणाऱ्या पेटीची लांबी १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बहुतेक विमान कंपन्याही सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत मागतात. वसईच्या होळी बाजारातून कुणी स्कीची पिशवी खांद्यावर टाकून काश्मीरला निघाला, तर रिक्षापासूनच त्याची पंचाईत सुरू होते. लोकलच्या लगेज डब्यात ती पिशवी कशीबशी उभी राहील. विमानतळावर मात्र तिची गणना नेहमीच्या सामानात होणार नाही आणि वेगळे पैसे मोजावे लागतील.

हा प्रश्न वसईकराला पडायचे कारण काय, असे वाटू शकेल. पण मराठी माणूस बर्फाकडे पूर्वीपासून जातो आहे. केसरी, वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या मराठी सहल कंपन्यांनी मध्यमवर्गीय घरांना काश्मीर, मनाली आणि स्वित्झर्लंड दाखवले. त्या सहलीतली गुलमर्गची सकाळ ठरलेली असते: टंगमर्गला भाड्याचा लांब कोट आणि गमबूट, वर गेल्यावर गंडोला या केबल कारची रांग, मग कुणीतरी पायात स्की अडकवून देतो, हात धरून वीस-तीस पावले चालवतो आणि फोटो निघतो. आता पुढची पिढी त्या फोटोवर थांबायला तयार नाही. कुणी दुबईत नोकरीला असताना तिथल्या मॉलमधल्या ‘स्की दुबई’त पहिल्यांदा घसरून आलेला असतो, कुणाची चुलत भावंडे टोरांटो किंवा डेन्व्हरला शाळेपासून स्की शिकलेली असतात. अशांना आता आठवडाभर जाऊन नीट शिकायचे असते. सहलीच्या आखणीचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

पहिली अडचण शाळेच्या वेळापत्रकाची. आपल्या मोठ्या सुट्ट्या दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. गुलमर्गच्या बर्फाचे वेळापत्रक निराळे आहे. काश्मीरचा कडाक्याचा चाळीस दिवसांचा हिवाळा, ज्याला तिथे ‘चिल्लई कलान’ म्हणतात, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. स्कीसाठी भरवशाचा काळ साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा, आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. नाताळात गेले तर बर्फ मिळेलच असे नाही. मे महिन्यात रोहतांगला किंवा गुलमर्गवरच्या अफरवाट डोंगराच्या माथ्यावर उरलेला बर्फ पाहायला ठीक असतो. शिकायला तो चिखलासारखा जड पडतो. त्यामुळे शाळकरी मुले असलेल्या घराने चार दिवस शाळा बुडवून जानेवारीच्या उत्तरार्धात जावे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

त्यातही भरवसा असा नाहीच. हिमालयातला हा बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. ते आले नाहीत तर डोंगर कोरडे राहतात. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे तपकिरी पडली होती, आणि पर्यटक गवतावर उभे राहून फोटो काढत होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. सरकारी स्पर्धेवर ही वेळ येते, तर आपण तीन महिने आधी पैसे परत न मिळणारे तिकीट काढून ठेवणे शहाणपणाचे नाही. तारीख बदलता येईल असे तिकीट थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे, आणि परतीच्या बाजूला दोन दिवस मोकळे ठेवावेत. बर्फ पडू लागला की श्रीनगरची विमाने रद्द होतात आणि जम्मूचा महामार्गही बंद पडतो.

आता सामानाकडे. स्कीच्या सरंजामात चार मुख्य वस्तू असतात: स्की, त्यावर बसवलेले बाइंडिंग, कडक प्लास्टिकचे बूट आणि हातातल्या काठ्या. बाइंडिंगसह स्कीची जोडी साधारण पाच-सहा किलोंची, बूट चारेक किलोंचे. काठ्या, हेल्मेट आणि जाड पिशवी धरली की देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला सहसा मिळणारी १५ किलोंची मुभा संपते, आणि कपडे अजून भरायचेच असतात. गुलमर्गला स्की भाड्याने मिळते. मनालीजवळच्या सोलांगला आणि उत्तराखंडात औलीलाही मिळते. तेव्हा वर्षातून एकदा जाणाऱ्याने स्की विकत घेऊन वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

बुटांचे मात्र तसे नाही. पायाच्या हालचाली स्कीपर्यंत पोहोचतात त्या बुटातून. बूट सैल असला की पाय आत वळतो आणि स्की सरळच जाते. घट्ट असला की तासाभरात तळवा बधिर होतो. भाड्याच्या दुकानात शेकडो पायांनी सैल केलेले बूट असतात. त्यातला बरा निवडायचा तर पद्धत अशी: एकच पातळ, लांब मोजा घालायचा, कारण दोन मोज्यांमुळे ऊब वाढत नाही, चुण्या पडून रक्त मात्र अडते. टाच मागे आपटून बसवायची, बकले खालून वर लावत यायचे आणि सरळ उभे राहायचे. या वेळी अंगठ्याचे टोक पुढच्या भिंतीला हलकेच लागले पाहिजे. मग गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेटायची. अंगठा मागे सरकून मोकळा झाला पाहिजे. टाच वर उचलून पाहायची, ती हलता कामा नये. या तिन्ही गोष्टी जमल्या की बूट आपला. ज्यांना दरवर्षी जायचे आहे त्यांनी पहिली खरेदी बुटांची करावी, दुसरी हेल्मेटची, आणि स्कीची खरेदी पुष्कळ वर्षे लांबणीवर टाकावी.

बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो. ती बुटाच्या तळाची लांबी. बाइंडिंगची पकड याच आकड्यावर आणि घसरणाऱ्याचे वजन, उंची, वय व सराव यांवर ठरते. पडल्यावर बाइंडिंग वेळेत सुटले नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून हे आकडे कागदावर लिहून न्यावेत आणि भाड्याच्या दुकानात पेचकस हातात घेतलेल्या माणसासमोर ठेवावेत. गर्दीच्या दिवशी तो अंदाजाने फिरवून देतो, आणि नवशिक्याला ते कळतही नाही.

विमानात बूट आपल्यासोबत केबिनमध्ये ठेवता आले तर उत्तम. चेक-इनचे सामान उशिरा पोहोचले तर स्की दुसरी मिळेल, आपल्या पायाचे बूट मिळणार नाहीत. परदेशातून स्वतःची स्की घेऊन येणाऱ्यांनी दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून पट्ट्याने बांधावेत, टोकांभोवती जाड कपडे गुंडाळावेत आणि काठ्यांची अणकुचीदार टोके झाकावीत. खेळाच्या सामानाची नोंद तिकिटाबरोबरच करून घ्यावी, कारण प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आहेत आणि जोडविमानाच्या देशांतर्गत कंपनीला आधीच्या कंपनीची मुभा मान्य असतेच असे नाही. गरम हातमोज्यांच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच लागतात. हिमस्खलनात फुगणाऱ्या पाठपिशवीत दाबाखालच्या वायूची नळकांडी असते, तिला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते.

अमेरिका-कॅनडातून येणाऱ्या नातेवाइकांना एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. तिकडे डोंगरात सर्रास वापरले जाणारे उपग्रहावर चालणारे छोटे संदेशयंत्र, गार्मिनचे ‘इनरीच’ हे त्यातले प्रसिद्ध, भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिला प्रवाशाला अशाच यंत्रामुळे ताब्यात घेतले गेले. काश्मीरच्या वाटेवर तर तपासणी आणखी कडक असते. आपल्यासाठी त्याच धर्तीची साधी सूचना म्हणजे महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचे तरी पोस्टपेड असावे.

श्रीनगर विमानतळावर परतताना टर्मिनलच्या बऱ्याच आधी, फाटकापाशी गाडीतून उतरून सगळे सामान एकदा यंत्रातून काढावे लागते, आत पुन्हा तपासणी होते. लांब पिशवी असेल तर तीन तास हाताशी ठेवावेत.

रेल्वेचा पर्याय आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. बांद्रा टर्मिनसहून बोरिवलीमार्गे जाणारी स्वराज एक्स्प्रेस कटऱ्याला पोहोचते, आणि ६ जून २०२५ला उद्घाटन झालेली वंदे भारत कटऱ्याहून चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून श्रीनगरला साधारण तीन तासांत नेते. एसी थ्री टियरमध्ये माणशी ४० किलो सामान चालते, त्यामुळे बूट, हेल्मेट आणि गरम कपड्यांची चिंता उरत नाही. श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गच्या पुढचा तेरा किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय चढता येत नाही. टॅक्सी ठरवताना साखळ्यांची चौकशी आधी करावी.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो, आणि दुसरा अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास ३,९८० मीटरवर. समुद्राकाठच्या वसईतून सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथे उभा राहिला तर डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे साहजिक आहे. पहिला दिवस खालच्या सौम्य उतारावर काढावा. शिकणाऱ्याला वरच्या टप्प्यावर काही कामही नसते. तिथला उतार आखलेला आणि राखलेला नाही, तो उघडा डोंगर आहे. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवाटवर हिमस्खलनात पोलंडचे दोघे गेले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ला रशियाचा एक स्कीपटू गेला. ही माणसे अनुभवी होती. संरक्षण खात्याची हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था इशारे देते आणि ते दररोज पाहण्याची सवय ठेवावी. शिवाय प्रवास विमा घेताना आखलेल्या उताराबाहेरच्या स्कीला तो लागू आहे का, हे वाचून घ्यावे. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते संरक्षण नसते.

सुरक्षेचा विषय निघाला की २२ एप्रिल २०२५चा पहलगामचा हल्ला आठवल्यावाचून राहत नाही. त्यात २६ जणांचा बळी गेला, त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते, तीन एकट्या डोंबिवलीचे. जावे की नाही हा निर्णय प्रत्येक घराचा. जायचे ठरले तर निघण्याआधी प्रशासनाच्या ताज्या सूचना बघाव्यात आणि बंद ठेवलेल्या ठिकाणांचा हट्ट धरू नये.

आता मुख्य मुद्दा. एक दिवस भाड्याची स्की घालून कुणीही शिकत नाही. शिकायचे असेल तर अभ्यासक्रमाला जावे, आणि याबाबतीत आपला देश गरीब नाही. गुलमर्गला १९२७मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये लष्कराने तिथे स्कीचे प्रशिक्षण सुरू केले. त्यातूनच उभे राहिलेले उंचावरच्या युद्धाचे विद्यालय आज जवानांना बर्फात तयार करते, आणि त्यांत महाराष्ट्रातले जवानही असतात. नागरिकांसाठी गुलमर्गमध्येच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्था आहे, आणि मनालीला १९६१मध्ये सुरू झालेली गिर्यारोहण संस्था आज अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने चालते. या संस्थांचे अभ्यासक्रम साधारण आठवड्यापासून दोन आठवड्यांपर्यंतचे असतात, आणि शिकण्यासाठी लागणारी स्की, बूट, काठ्या संस्थाच देते. लांब पिशवीचा प्रश्न इथे आपोआप मिटतो.

या खेळात पुढे आलेले भारतीय बहुतेक बर्फाच्या गावचेच. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेल्या आरिफ खानच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते. २०१८मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवणारी आंचल ठाकूर मनालीजवळच्या बुरुआ गावची. आपल्याला ती सोय नाही, पण पायांची तयारी इथे होते. वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि कामणदुर्ग आहेत. दोन महिने दर रविवारी कामणदुर्ग चढून, आणि विशेषतः सावकाश उतरून आले, तर मांड्यांना नेमका तोच ताण मिळतो जो स्की वळवताना लागतो. सोबत बांधून न्यायला वसईची सुकेळी उत्तम: वजनाला हलकी, थंडीत न बिघडणारी आणि लगेच ताकद देणारी.

परत आल्यावरचे एक काम कुणी सांगत नाही. स्कीच्या दोन्ही कडा पोलादाच्या असतात. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांना पहिल्या पावसाळ्यातच गंज चढतो, आणि बुटाच्या आतल्या अस्तराला बुरशी येते. ज्यांच्याकडे स्वतःची स्की आहे त्यांनी ती पुसून, कोरडी करून, कडांसकट मेणाचा जाड थर द्यावा. बुटांची अस्तरे बाहेर काढून पंख्याखाली वाळवावीत आणि बकले हलकी लावून ठेवावीत, नाहीतर प्लास्टिकचा आकार बिघडतो.

जाणाऱ्यांनी गणेशोत्सव संपला की कामाला लागावे. संस्थांच्या अभ्यासक्रमांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर लागतात, जागा थोड्या असतात, अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आधी अर्ज भरा, जागा मिळाल्याचे पत्र हाती येऊ द्या, आणि मगच तिकीट काढा.