ओंडका नव्हे, मगर!
कृष्णाकाठी कॅमेरा घेऊन फिरताना

गेल्या हिवाळ्यात एक जुना कॅमेरा घेतला. उसावरची हुमणी, तांबेरा यांचे फोटो काढून शेतकऱ्यांना दाखवावेत, एवढाच हेतू. पण नोकरी कृष्णाकाठची. मग दर रविवारी सकाळी भिलवडीच्या अंगाला नदीवर जायचा नाद लागला.

पहिले तीन रविवार पदरी काही पडले नाही. खंड्याचा फोटो काढावा तर नुसती फांदी, बगळ्याचा काढावा तर पांढरा पट्टा. हात हलायचा. शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यात भुसा भरला आणि त्यावर कॅमेरा टेकवला, तेव्हा कुठे चित्र स्थिर आले. सूर्य पाठीशी ठेवावा, नेम जनावराच्या डोळ्यावर धरावा, हे चुकत चुकत कळले.

चौथ्या रविवारी पाणकावळ्याच्या मागे मोटारीच्या पायवाटेने पार पाण्यापर्यंत उतरलो. वरून एक तात्या ओरडले, "सायेब, मागं फिरा! त्यो ओंडका न्हाई, मगर हाय!" पंधरा-वीस हातांवर दोन डोळे नि नाकपुड्या, एवढेच पाण्यावर. बघता बघता तेही बुडाले. पाय लटपटले. फोटोचे भान कुणाला?

पुढच्या खेपेला तात्यांच्या बांधावरच, उंचावर बसलो. थंडीत अंग तापवायला मगर उन्हाला काठावर येते. ऊन चढले तशी ती आली, जबडा उघडून पडली. फोटो झकास आला. घरी मोठा करून पाहिला, तर मगरीपासून दहा हातांवर मोटारीच्या फुटबॉलचा दोर! तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "रातची लाईट आली, की आमी तितंच उतरतो. कचरा अडकला तर काय करायचं?"

तेव्हापासून तो फोटो सभेत दाखवतो आणि चार गोष्टी सांगतो. रात्री फुटबॉल काढायला एकट्याने उतरू नका. दोघे जा, बॅटरी मारून पाणी आधी बघा. जनावरे व धुणे नेहमी एकाच जागी, एकाच वेळी नेऊ नका. मेलेली जनावरे, कोंबड्या नदीत टाकू नका. त्या वासाने मगर काठाशी रेंगाळते. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठाच्या कोरड्या मातीत अंडी घालते नि राखण करते. तिथली माती उकरू नका. मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारणे, पकडणे गुन्हा आहे. दिसली तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

सरपंच, ग्रामसेवक यांनाही विनंती: पाणवठ्यावर फलक लावा. नुसती अक्षरे कोणी वाचत नाही. आपल्याच घाटाचा फोटो असेल तर माणूस थांबतो.

तात्यांनी आता दोराला लांब बांबू जोडलाय. फुटबॉल वरूनच ओढून घेतात. माझ्या साऱ्या फोटोंत बांबूचा तो फोटो मला अधिक आवडतो.